योदोमारुची माफी

...आणि वर मलाच म्हणतात, 'अभिनंदन, निशिझुका-सान, सुधारलात तुम्ही!' मी सुधारलो? मी? अहो, मी बिघडलो कधी होतो? साठी उलटली माझी, आजवर चुकून कोणाची छत्री घरी आणली नाही, जाळायचा कचरा सोमवारी, बाटल्या गुरुवारी, कधी उलटसुलट केलं नाही, आणि सिग्नल लाल असेल तर रिकाम्या रस्त्यावर, चिटपाखरू नसताना, एकटा उभा राहतो मी! बिघडला होता तो योदोमारु. मी नुसता त्याचा आवाज. पण तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं एखाद्या राक्षसाचा आवाज काढून बघा, आणि मग एक दिवस तो राक्षस सुधारायला निघाला की तुमची कशी पळता भुई थोडी होते ते बघा. वाईट होतो तेव्हा बरा होतो हो मी!

रविवारी सकाळी लागते आमची ती अॅनिमे मालिका, बघितली असेल तुम्ही, नसेल तर तुमच्या मुलांनी बघितली असेल. त्यातला दलदलीचा राक्षस म्हणजे योदोमारु. काय थाट होता माहितीये! दोन शिंगं, खांद्यावर साप, तीन गावं बुडवली होती पठ्ठ्याने, आणि स्वतःला कधी 'मी' म्हणायचा नाही, 'आम्ही'! 'आम्ही आलो आहोत!' असं म्हटलं की तोफुवाल्याच्या दुकानातला टीव्ही थरथरायचा. आणि ते हसणं... अकरा सेकंद, एका दमात, खालून वर चढत जायचं, आणि मध्ये श्वास घेतला तर पुन्हा पहिल्यापासून. ते हसणं माझं स्वतःचं. स्क्रिप्टमध्ये नुसतं 'हसतो' एवढंच लिहिलेलं असायचं, बाकीचा सगळा राक्षस माझ्या फुप्फुसातला.

आणि चौदावा भाग! त्या भागात ह्याने नायकाचा कुत्रा बुडवला. नायक म्हणजे हारुता, बारा वर्षांचं पोरगं, एकवीस वर्षं झाली तरी बाराच वर्षांचं आहे, आणि त्याचा कुत्रा गोमा. तीन गावं बुडवली तेव्हा कोणी ब्र काढला नव्हता बरं का, तीन गावं! कुत्रा बुडवला आणि सगळा देश रडला. टीव्हीवाल्यांकडे पोत्याने पत्रं. आमच्या गल्लीतली मासळीवाली ओकामी, एकवीस वर्षं झाली, अजून मला बांगडा देताना म्हणते, 'बारकाच मिळेल तुम्हाला, गोमाला आठवा जरा!' पण बघा ना, तिलाही आठवतोय, मलाही आठवतोय, काहीतरी नातं आहे. लोणचीवाला हिरोसे तर मला मुद्दाम फोन करायचा, 'निशिझुका-सान, नातू दात घासत नाहीये, जरा हसता का?' मी फोनवर अकरा सेकंद हसायचो, पलीकडून खळखळ चूळ भरल्याचा आवाज यायचा, आणि दुसऱ्या दिवशी घरपोच मुळ्याचं लोणचं. गल्लीभरातल्या पोरांचे दात माझ्यामुळे शाबूत आहेत! वाईट होतो तेव्हा बरा होतो हो मी!

मग गेल्या वर्षी मालिकेच्या लोकांची मीटिंग झाली. आजकालच्या मुलांना म्हणे नुसता वाईट माणूस पटत नाही, तो वाईट का झाला ते दाखवावं लागतं. दाखवलं! ह्याचं बालपण काढलं शोधून. आईने टोपलीत घालून दलदलीत सोडला होता म्हणे. बरं, सोडला. मग हारुताने ह्याला तापातून वाचवला, ह्याचं मन पालटलं, शिंगं कापली, साप गेला जंगलात निघून, गळ्यात आला फुलाफुलांचा अॅप्रन, आणि हा बसला हारुताच्या स्वयंपाकघरात भाताचे गोळे वळत! 'आम्ही' गेलं, 'मी' आलं. आणि अकरा सेकंदांच्या जागी स्क्रिप्टमध्ये काय? 'किंचित हसतो.' किंचित! अहो, किंचित हसायला माणूस कशाला लागतो? परवा हिरोसेने जुन्या सवयीने फोन केला, मी माझं जुनं हसणं हसलो, तर नातू म्हणतो कसा, 'योदोमारु आजोबा, भात खाल्लात का?' दात घासले नाहीतच, वर माझीच चौकशी. लोणचं बंद झालं ते तेव्हापासून.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगतो. सुधारलेल्या खलनायकाला दोनच वाटा असतात. एक, सुधारल्यावर लवकरच नायकाच्या पुढे येऊन बाण छातीवर घ्यायचा, चार वाक्यं बोलायची, आणि मरायचं. दोन, नायकाच्या घरी जन्मभर जेवायचं. तिसरी वाट नाही. आमच्या लेखकाने दोन्ही स्क्रिप्टं लिहून ठेवली होती, एक पांढऱ्या पुठ्ठ्याचं, एक निळ्या. पांढऱ्यात योदोमारु हारुताची माफी मागतो, गोमाबद्दल, आणि जगतो. निळ्यात मरतो. आणि ठरवणार कोण? मी! म्हणजे माझी माफी. ध्वनिदिग्दर्शिका आहेत सेगावाबाई, तिशीच्या, भलत्या काटेकोर. त्यांनी सरळ सांगितलं, 'निशिझुका-सान, माफी खरी वाटली तर पांढरं, नाही वाटली तर निळं. खोट्या माफीवर हा माणूस जगला तर प्रेक्षक आपल्याला सोडणार नाहीत.' आता मला सांगा, ह्या वयात मला दुसरा राक्षस कोण देणार? सध्याचे राक्षस बघितलेत? सगळे पंचविशीतले, गोरेगोमटे, कुजबुजत बोलतात. योदोमारु मेला म्हणजे मीही घरी बसलो, कायमचा.

आणि माफी केवढी? एक शब्द. 'वारुकात्ता.' बस! आमच्याकडे माफी मागायचे शंभर प्रकार आहेत, पण रांगडा गडी मागतो तो ह्या एका शब्दात. अर्थ नुसता 'वाईट वागलो'. पुढे क्षमस्व नाही, मागे कृपया नाही, कमरेत वाकणं नाही. समोरच्याच्या डोळ्यात बघायचं आणि टाकायचा शब्द. तुम्ही म्हणाल, मग एवढं अवघड काय? अहो, खरी गोम तिथेच तर आहे! आवाजाच्या धंद्यात यायच्या आधी नऊ वर्षं मी एका मोठ्या दुकानात होतो, सात मजली, आणि मी कुठे, तर तळमजल्यावर, तक्रार खिडकीवर! नऊ वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सात मी माफी मागितली आहे. मोज्याचा रंग गेला, मी माफी मागितली. खरबूज गोड निघालं नाही, मी माफी मागितली. एका बाईंचा मुलगा परीक्षेत नापास झाला, पेन आमच्या दुकानातलं होतं, मी माफी मागितली! न केलेल्या गोष्टींची माफी मागण्यात माझा हात धरणारा अख्ख्या तोक्योत कोणी नव्हता. तिथूनच तर आवाज कमावला मी.

त्यामुळे झालं काय, पहिल्या दिवशी रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला, मी माईकसमोर उभा राहिलो, 'वारु' म्हटलं, आणि 'कात्ता'ला कंबर आपोआप वाकली! पंचेचाळीस अंशात! आवाज गेला जमिनीत. काचेपलीकडून सेगावाबाई, 'निशिझुका-सान, शब्द अर्धाच आला, कुठे गेलात?' कुठे गेलो! खाली गेलो! दुसऱ्यांदा पुन्हा तेच, तिसऱ्यांदा कपाळ माईकच्या दांडीवर आपटलं. मग त्यांनी माझ्या पाठीला ओबीच्या, म्हणजे कमरपट्ट्याच्या आत घालतात तसली फळी बांधली, हो, बायकांच्या किमोनोत असते ती, आमच्या फुकाझावाबाईंनी घरून आणली. फुकाझावाबाई म्हणजे हारुता! बारा वर्षांच्या पोराचा आवाज त्याच काढतात, तीन नातवंडं आहेत त्यांना. फळी बांधली, कंबर थांबली, शब्द पूर्ण आला... आणि त्याच्या पाठोपाठ आपसूक 'आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल'! फुकाझावाबाईंनी त्या पोराच्याच आवाजात विचारलं, 'पावती आणू का?' स्टुडिओतले पंधरा लोक, कागदाचा आवाज होऊ नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेणारे, ते लोळले हो हसून! छत्तीस वेळा घेतलं त्या दिवशी. छत्तीस! सेगावाबाई शेवटी म्हणाल्या, 'तुम्ही फार सुंदर माफी मागता, पण खरी वाटत नाही. असं करा, उद्या सकाळी शेवटचं बघू.' असं म्हणून त्यांनी निळं स्क्रिप्ट टेबलावर वर काढून ठेवलं. मला दिसेल असं.

तुम्हीच सांगा, हसायला लावलं असतं तर एका दमात हसून मोकळा झालो असतो की नाही? वाईट होतो तेव्हा बरा होतो हो मी!

घरी आलो. बायको, किनुए, स्वयंपाकघरात मुळा सोलत होती. म्हटलं, माणसासमोर सराव केल्याशिवाय जमणार नाही. तिच्यासमोर उभा राहिलो, डोळ्यात बघितलं, आणि म्हणालो, 'वारुकात्ता.' तिचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं, सुरी खाली ठेवली, आणि शांतपणे म्हणते, 'कोण आहे ती?' म्हटलं, 'अगं, कोण ती? सराव करतोय! कुत्र्याची माफी मागायचीय उद्या!' 'अच्छा, कुत्र्याची.' पुन्हा सुरी उचलली. मला वाटलं विषय संपला. तेहतीस वर्षं लग्नाला झाली तरी माणसाला कळत नाही बघा, विषय कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो. चार-पाच चकत्या कापून झाल्यावर ती म्हणाली, 'अहो, त्या कुत्र्याला बुडवलंत तो दिवस आठवतो तुम्हाला?'

आता तो दिवस मी तुम्हाला सांगतो, आढेवेढे घेत नाही. चौदाव्या भागाचं रेकॉर्डिंग होतं, सकाळी स्टुडिओत तिचा फोन आला, माहेरून, नागाओकाहून. तिचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. लगेच निघा म्हणाली. मी म्हटलं, एवढं संपवतो आणि निघतो. ते एवढं कसलं? हसणं! कुत्रा बुडतो आणि योदोमारु हसतो, ते मला मनासारखं जमेना, चार तास मी हसत होतो. कोणी अडवलं नव्हतं हो मला, दिग्दर्शक म्हणत होते, जा तुम्ही, नंतर घेऊ. मीच गेलो नाही. रात्रीच्या गाडीने पोहोचलो तेव्हा सासरे गेलेले होते.

'बाबा विचारत होते,' ती मुळ्याकडे बघत म्हणाली, 'तुमचं नाव घेऊन, तोमेओ आला का, तोमेओ आला का. सारखं दाराकडे बघायचे. मी सांगायची, गाडीत बसलेत, ताकासाकी स्टेशन गेलं, येतील आता. तीन वेळा खोटं बोलले. मग तुम्ही आलात. हातात बदामी रंगाच्या कागदातली योकान मिठाईची पेटी, दोन्ही हातांनी पुढे केलीत, कमरेत वाकलात, आणि म्हणालात, माझ्या अनुपस्थितीमुळे आपणा सर्वांना झालेल्या गैरसोयीबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे. काका म्हणाले, केवढा सुसंस्कृत जावई. मावशी म्हणाली, किती सुरेख वाकतो. आणि मला वाटलं, आता हा माणूस मला विचारणार, पावती आहे का जवळ.'

एकवीस वर्षं हे तिने पोटात ठेवलेलं! एकवीस वर्षं मला रोज डबा करून दिला, आणि डब्यात कधी एक खडा नाही निघाला. मी तोंड उघडलं, म्हटलं आता बोलायचंच, आणि तोंडातून बाहेर काय पडलं सांगू? 'आपल्या अमूल्य सूचनेबद्दल आभारी आहोत!' देवाशप्पथ सांगतो, मी नाही बोललो ते, ती नऊ वर्षं बोलली! ती हसली. दोन सेकंद. एवढं वाईट हसणं मला एकवीस वर्षांत जमलं नाही. मग तिने गॅस पेटवला आणि आम्ही मुळ्याची आमटी प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो स्टुडिओत. फळी बांधून घेतली. पोटातून आवाज येऊ नये म्हणून आम्ही सगळे रेकॉर्डिंगआधी केळं खातो, तेही उतरेना. लाल दिवा लागला. पडद्यावर हारुता आणि योदोमारु, अजून रंगही भरलेले नव्हते, नुसत्या पेन्सिलच्या रेघा. माझ्या शब्दाआधी हारुताचं वाक्य असतं. आदल्या दिवशी छत्तीस वेळा ऐकलेलं, पण ऐकलं कुठे होतं? मी माझ्या कमरेच्या काळजीत! फुकाझावाबाई बोलल्या, त्या बारा वर्षांच्या आवाजात, अगदी साधं, 'गोमा दाराकडे बघत होता. शेवटपर्यंत वाट बघत होता.'

आणि मला ना कुत्रा दिसला, ना दलदल. मला नागाओकाचं ते सरकतं दार दिसलं. बाहेर बर्फ, आत अंथरुणावर म्हातारा, मान वळवून बघतोय, आणि त्याच्या उशाशी माझी बायको, खोटं बोलतेय माझ्यासाठी, ताकासाकी गेलं, येतील आता... आणि मी तिकडे हसतोय! मी म्हणालो, 'वारुकात्ता.'

वाकलो नाही. फळी होती म्हणून नाही, वाकावंसं वाटलंच नाही. आवाज फुटला मध्येच, 'कात्ता' नीट आलाही नाही, तक्रार खिडकीवर असा शब्द काढला असता तर मॅनेजरने मागच्या खोलीत नेलं असतं. काचेपलीकडे सेगावाबाई पाठ फिरवून नाक पुसत होत्या. मग बटण दाबून म्हणाल्या, 'हाच ठेवू. नऊ वर्षांची होते मी, गोमासाठी टीव्हीवाल्यांना पत्र लिहिलं होतं, योदोमारुला फाशी द्या म्हणून. ...मागे घेते.' निळं स्क्रिप्ट खोक्यात गेलं. योदोमारु जगला! आता जन्मभर हारुताच्या घरी भाताचे गोळे वळणार, आणि मी जन्मभर किंचित हसणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फुकाझावाबाईंनी फळी सोडली, म्हणाल्या, 'ठेवा तुम्हालाच, भेट.'

मी म्हटलं, आता जमलंय, तोंडात आहे तोवर घरी जावं! अहो, गाडीत मी कोणाशी बोललो नाही, स्टेशनवर शेजारच्यांनी नमस्कार केला तर नुसती मान हलवली, न जाणो दुसरा एखादा शब्द बोललो आणि हा सांडला तर! दार उघडलं, बूट तसेच, उंबऱ्यावरूनच हाक मारली, किनुए बाहेर आली ओले हात पुसत, मी तिच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणालो, 'वारुकात्ता.'

ती मान तिरकी करून म्हणाली, 'कालच्यापेक्षा बरं आहे. पण कुत्रा गेल्याचं दुःख अजून पुरेसं येत नाही त्यात. उद्या परत आहे का रेकॉर्डिंग?'

म्हणालो, 'नाही. संपलं.' 'मग बूट काढा,' ती म्हणाली. काढले.

आणि हा गेला रविवार. सकाळी तो भाग लागला. आम्ही दोघं टीव्हीसमोर, मध्ये चहा. रंग भरल्यावर काय दिसत होता हो योदोमारु, कापलेली शिंगं, डोळ्यात पाणी! हारुता बोलला, योदोमारु बोलला, तो एकच शब्द, फुटक्या आवाजात. मी चोरून बायकोकडे बघितलं. रडत होती! ती, किनुए, जी वडिलांच्या अंत्यविधीत चारचौघांत रडली नव्हती, ती बाही डोळ्यांना लावून हुंदके देत होती! मला वाटलं, ओळखलं हिने, आता ओळखलं. मी जरा सरकलो तिच्याकडे. तर म्हणते कशी, 'बघा! बघा जरा! एवढा राक्षस तो, शिकलेला नाही, आईने टाकलेला, पण त्याला जमलं!'

मी म्हटलं, 'अगं, तो मीच आहे ना!'

'तुम्ही?' डोळे पुसत पुसत म्हणाली, 'तुम्ही नुसता आवाज दिलाय, माफी त्याने मागितली.'

तेहतीस वर्षांत एकच खरी माफी निघाली हो माझ्या तोंडून, आणि तीसुद्धा तो मेला राक्षस घेऊन गेला!